मनीस, गोकर्णला निघण्याआधी

खानापूर, रविवार रात्र

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तंबू उद्या सदाकाकाच्या गाडीतून हुबळीला पाठवतोय, त्याच्यासोबत हे पत्र. परवा फोनवर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. तुमच्याबरोबर येणाऱ्या बंटीबद्दल ज्या शब्दांत बोललो ते तुझ्या आईला अजून आवडलेलं नाही. जाऊ नकोस असं मी या पत्रात कुठंच लिहिणार नाही. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायचं, ते शिकायचा तुमचा बेत नीट कसा बसवायचा, तेवढंच लिहितो.

मेचा पहिला आठवडा धरलास, ते चांगलं केलंस. महिना सरत आला की समुद्र चढायला लागतो आणि जून ते सप्टेंबर नवशिक्यानं त्या पाण्यात पाय घालू नये. शिवाय तुमच्या शनिवारी अष्टमी आहे, म्हणजे भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. आजी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची, आठवतं? आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पण तो हिशेब मुंबईकडचा. गोकर्णला भरती थोडी आधी येते, तेव्हा कारवारचं वेळापत्रक मोबाईलवर बघून घे. पाण्यात सात ते साडेआठ, बस्स. अकरानंतर समुद्रावरून वारा सुटतो, लाटा तुटक होतात आणि शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आदल्या दिवशी इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशाराही बघ. आभाळ निरभ्र असतानाही दूर दक्षिणेकडच्या वादळाच्या लाटा इथवर येऊन पोचतात.

ओम बीचवर शिकायला जाऊ नका, तिथं मधोमध खडक आहेत. देवळाजवळचा लांब वाळूचा किनारा बरा. फळी भाड्यानं घ्या, आठ ते नऊ फुटांची, वरून मऊ फोमची. दुकानदार 'तुम्ही हलके आहात' म्हणून सहा फुटी पुढं करील, ती घेऊ नका. लहान फळी नवशिक्याखाली बुडते आणि लाट पकडतच नाही. पायाची दोरी फळीएवढी लांब हवी, मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. मागचा पाय कुठला हे घरीच ठरवा. मोजे घालून फरशीवर घसरा, जो पाय आपसूक पुढं जातो तो पुढचा. वाळूवर वीस वेळा उठून उभं राहायची सवय करा. तळवे छातीशेजारी सपाट ठेवायचे, कडा धरायच्या नाहीत. नजर किनाऱ्याकडे. पायांकडे बघितलं की पडलाच. पालथं झोपल्यावर फळीचं टोक पाण्यावर दोन-तीन बोटं दिसलं पाहिजे. फार पुढं सरकलात तर टोक पाण्यात घुसून उलटे व्हाल, फार मागं राहिलात तर लाट खालून निघून जाईल. अंगाला खोबरेल लावू नका, फळीवरून घसराल. पूर्ण बाह्यांचे घट्ट टीशर्ट घ्या, नाहीतर तासाभरात छाती-पोट सोलून निघतं.

लाट आणि आपण यांच्यामध्ये फळी कधी आडवी येऊ द्यायची नाही, ती थेट तोंडावर बसते. पडायचं ते सपाट, डोकं खाली घालून नाही. वर येताना दोन्ही हात डोक्यावर. शेपटीला काटा असलेला पाकट मासा वाळूत लपून बसतो, म्हणून उथळ पाण्यात पाय घासत चाला.

आता ओढीचं. लाटांनी किनाऱ्याला आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि दोन वाळूच्या पट्ट्यांमधून ती वाट काढतं. बघणाऱ्याला ती जागा शांत दिसते. लाट तिथं फुटत नाही, पाणी गडद असतं, फेस आत समुद्राकडे जाताना दिसतो. नवखा माणूस तीच जागा बरी म्हणून उतरतो. जोरात असली तर ओढ सेकंदाला दोन मीटरनं नेते, तिच्याशी झुंजून कुणी जिंकत नाही. पण ती खाली खेचत नाही, बाहेर नेते आणि लाटांपलीकडे सोडून देते. सापडलात तर फळी सोडायची नाही, ती तरंगते. एक हात वर करायचा. दम खायचा, मग किनाऱ्याला समांतर जायचं आणि पांढरा फेस दिसेल तिथून परत यायचं.

हे तुला येईल. पोहण्याच्या टाकीत दोनशे मीटरला तुझ्या पुढं कुणी नसायचं, भिंतीपाशी हात लावून तू मागं वळून बघायचीस, ते मी विसरलो नाही. मला भीती वेगळीच आहे. बंटी ओढीत गेला तर तू त्याच्यामागं उडी मारशील. मलप्रभेच्या घाटावर नऊ वर्षांची असताना त्याच्या चपलेमागं शाळेच्या गणवेशात उतरलीस. चप्पल घेऊन वर आलीस आणि 'बंटी रडायचा थांबला का' एवढंच विचारलंस. मी तेव्हा रागावलो आणि नंतर चार घरी कौतुकानं सांगत फिरलो. चूक केली. कुणी बुडणारा असला की रिकाम्या हातानं त्याच्यापाशी जायचं नाही, तो मिठी मारतो आणि दोघं जातात. आधी ओरडायचं, जीवरक्षकाला बोलवायचं, ११२ लावायचं, तरंगणारं काहीतरी फेकायचं. बाहेर काढलेला श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. आधी तोंडानं श्वास, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत.

एवढं लिहायचं नव्हतं. पुन्हा तेच झालं बघ, माफ कर.

तंबूचं सांगतो. उघड्या किनाऱ्यावर ठोकू नका. एखाद्याच्या आवारात विचारून, भाडं देऊन जागा घ्या. नारळाखाली नको. सुरूच्या झाडाखाली चालेल, पण वाळकी फांदी वर नाही ना, हे बघ. पाण्यानं टाकलेल्या कचऱ्याची रेघ दिसते, तिच्यापासून बरंच वर. भरती पहाटे आहे आणि तेव्हा तुम्ही सगळे झोपलेले असणार. लोखंडी खुंट्या वाळूत टिकत नाहीत, म्हणून आठ कापडी पिशव्या घातल्यात. वाळू भरून, दोरी बांधून दीड फूट खोल पुरा. वळवाचं कधी सांगता येत नाही. गडगडलं की पाण्याबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही. पाणी माणशी रोज चार लिटर धर. आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलीय, दोन दिवस स्वैपाकाचा घोळ नको.

अरबैल घाट उजेडातच उतरा. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचा उत्साह असतो, तो आवर. शनिवारी पहाटे निघून शिकायचं रविवारवर टाकलंस तरी काही बिघडत नाही. भरती तासाभरानं पुढं सरकेल एवढंच.

शिक्षक एका वेळी चौघांना बघू शकतो. तुम्ही पाच आहात. दोन सांग, पैसे मी देतो. बंटी कमरेएवढ्या पाण्यापुढं जाणार नाही, हे त्या शिक्षकाला तू स्वतः सांग. बंटीला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही.

तुझा,
बाबा

ता. क. तंबूच्या काठीचा तिसरा जोड चिकटपट्टीनं बांधलाय, तिथं वाकवू नकोस. पाच लिटरचा रिकामा कॅन वीस मीटर दोरीला बांधून दिलाय. गाठ सोडू नकोस, झाकण घट्ट ठेव आणि तुम्ही पाण्यात असाल तेव्हा तो किनाऱ्यावर बसलेल्याच्या हातात असू दे.