एक कान गेला तर सतरा टक्के

महोदय,

कालच्या अंकातली स्फोटग्रस्तांच्या मदतीची बातमी वाचली. पाच लाखांत आज काय होते, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण ते पाच लाख कुणाला मिळतात आणि कुणाचा अर्ज कुठल्या रकान्यावर अडतो, याबद्दल बातमीत अवाक्षर नाही. खरा अन्याय तिथेच होतो.

दहशतवादी हल्ल्यातल्या पीडितांना हे पाच लाख देणारी केंद्राची योजना १ एप्रिल २००८ पासूनच्या घटनांना लागू आहे. मालेगावचा सप्टेंबर २००८ चा स्फोट तिच्यात बसतो, त्याच गावातला सप्टेंबर २००६ चा बसत नाही. ११ जुलै २००६ चे लोकलमधले सात स्फोटही बाहेरच. हे एक वेळ समजू शकते, कुठली तरी तारीख धरावीच लागते. जखमींसाठी लावलेली अट मात्र मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेले नाही. कायमचे अपंगत्व ५० टक्के किंवा त्याहून जास्त हवे. ४९ भरले तर थोडी कमी रक्कम मिळते असे नाही, छदामही मिळत नाही.

आता कानाचेच बघा. स्फोटाच्या दाबाचा पहिला मार कानाच्या पडद्याला बसतो. लोकलच्या डब्यासारख्या बंदिस्त जागेत तो दाब पत्र्यावर आपटून पुन्हा अंगावर येतो. अपंगत्वाचा दाखला देताना श्रवणदोष मोजायचे सूत्र ठरलेले आहे: चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले पाच, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवायची आणि सहाने भागायचे. एक कान ठार गेला आणि दुसरा शाबूत राहिला, तर शंभर भागिले सहा, म्हणजे जेमतेम १७ टक्के. ५० गाठायचे तर एक कान पूर्ण जाऊन दुसऱ्याचीही ४० टक्के हानी व्हायला हवी! मोजणी होते ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ (आवाजाच्या पट्टीचे माप; आकडा मोठा तितका आवाज बारीक) या चार पट्ट्यांवर किती ऐकू येते, याच्या सरासरीवर. स्फोटाची हानी बहुधा ४००० च्या आसपास आणि त्याच्या वर असते. खालच्या तीन आकड्यांना ऐकण्याच्या चाचणीचा आलेख बरा दिसतो आणि सरासरीत ती बुडून जाते. रात्रंदिवस कानात वाजणाऱ्या शिट्टीला तर या सूत्रात जागाच नाही. रस्ता ओलांडताना हॉर्न डावीकडून आला की उजवीकडून, हे त्या माणसाला कळत नाही. फलाटावर घोषणा झाली की शेजारच्याला ‘काय म्हणाले?’ म्हणून विचारावे लागते. कागदावर तो १७ टक्के.

सोबत पायही जायबंदी असेल तरी सरळ बेरीज करत नाहीत. ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. पायाचे ३० आणि कानाचे १७ मिळून ४७ नव्हे, ४१ भरतात. ४० टक्क्यांना सरकार दिव्यांग म्हणून ओळखपत्र देते. त्याच माणसाला, त्याच दाखल्यावर, ही योजना परत पाठवते. हे कुठल्या न्यायात बसते?

दाखल्याच्याही आधी जखमींच्या यादीत नाव असावे लागते, आणि ती यादी मुख्यतः रुग्णालयातल्या एमएलसी नोंदींवर (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदींवर) उभी राहते. पडदा फाटलेला माणूस हातपाय धड आहेत म्हणून मलमपट्टी करून घरी जातो. आठ-दहा दिवसांनी ऐकू येईना, म्हणून जवळच्या खासगी कानतज्ज्ञाला गाठतो. तिथल्या केसपेपरवर ‘पडद्याला छिद्र’ एवढेच लिहिले जाते; कशाने, ते नाही. वर्षभराने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे हा कागद काहीच सिद्ध करत नाही. पहलगामनंतर जम्मू-काश्मीर सरकारने मृतांच्या कुटुंबीयांना १० लाख, गंभीर जखमींना २ लाख आणि किरकोळ जखमींना १ लाख जाहीर केले. निदान पायऱ्या तरी ठेवल्या. पण गंभीर की किरकोळ हे पहिल्या दिवशीच्या कागदावर ठरत असेल, तर कान गेलेला तिथेही किरकोळच.

आणखी एक. आपल्या बातमीत ‘नुकसानभरपाई’ आणि ‘सानुग्रह मदत’ हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत. कृपा करून असे करू नका, यात लोकांचे फार नुकसान होते. सानुग्रह मदत सरकारने दिली तर दिली. नुकसानभरपाई हा हक्क आहे. गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्य घडले, तर रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १२४-अ खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करता ती मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख, दोन्ही कान पूर्ण गेले तरी तेवढेच, खालच्या जखमांना परिशिष्टात उतरत्या पायऱ्या, आणि परिशिष्टात न बसणाऱ्या दुखापतीला वेदना व त्रासाबद्दल वाजवी रक्कम रेल्वे दावा न्यायाधिकरण ठरवते. मात्र दावा एका वर्षात दाखल करावा लागतो. रुग्णालयात हाती पडलेला सानुग्रह मदतीचा धनादेश हीच भरपाई, असे समजून लोक घरी बसतात आणि वर्ष उलटून जाते. तिकीट किंवा पास सापडत नाही म्हणूनही कित्येक जण दावा करत नाहीत. वास्तविक फलाट तिकीटही चालते, आणि मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की निव्वळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्र द्यावे, पुढे तो प्रवासी नव्हता हे दाखवायची जबाबदारी रेल्वेवर.

स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर तोच स्फोट झाला तर यातले काही नाही. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरच्या रस्त्यांवर स्फोट झाले. तिथे कान गमावलेल्याला कलम १२४-अ नाही, मग पुन्हा ती ५० टक्क्यांचीच भिंत. रेल्वेसारख्या पायऱ्या केंद्राच्या योजनेत आणायला काय अडचण आहे, हे आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने गृह मंत्रालयाला एकदा तरी विचारावे.

तोवर पुढच्या वेळी अशी बातमी द्याल तेव्हा शेजारी एक चौकट छापा: खासगी दवाखान्यातसुद्धा एमएलसी नोंद करायला सांगा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या, केसपेपरवर ‘स्फोटामुळे’ हा शब्द लिहून घ्या, पहिल्या आठवड्यात दोन्ही कानांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून मूळ आलेख स्वतःकडे ठेवा, तीन आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा करा, रेल्वेच्या हद्दीत घडले असेल तर वर्षाच्या आत न्यायाधिकरणाकडे जा.

एक वाचक, विरार