जगबुडीची तारीख कोणी दिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातली ‘ख्रिस्ती धर्मानुसार जगबुडी जवळ?’ ही चौकट वाचली. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाने सांगितले होते की २३-२४ तारखेला प्रभू आपल्या लोकांना वर उचलून नेणार. मोबाइलवरून ते जगभर फिरले, आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवरही आले. तारीख आली आणि गेली. चौकटीत या दाव्याला ‘ख्रिस्ती मान्यता’ म्हटले आहे, माझी तक्रार तेवढ्यापुरती आहे.

येशू पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करील, हे आम्ही उपासनेत उभे राहून म्हणतो. मीही ते मानतो, आणि रूपक म्हणून नव्हे. पण कधी? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात येशूच सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. मग यूट्यूबवाल्यांना ती कुठून कळते, देव जाणे.

विश्वासणारे अचानक वर घेतले जातील आणि बाकीचे खाली संकटात सापडतील, हा क्रम ब्रिटिश उपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३०च्या दशकात मांडला. १९०९च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांमुळे तो अमेरिकेत पसरला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या तो मानत नाहीत. मानणारे आमच्या नात्यातही आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. डार्बींनीही तारीख दिली नव्हती.

तारखा देणारे वेगळे. न्यूयॉर्क राज्यातले शेतकरी विल्यम मिलर यांनी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे वर्षे असा हिशेब मांडला, आणि त्यावरून त्यांच्या चळवळीने येशूच्या येण्याची अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातले बटाटेसुद्धा काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी सूर्य रोजच्यासारखा उगवला. त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी केली. पुण्यात औंधची स्पायसर ही शिक्षणसंस्था याच मंडळीची. तीही येशूची वाट पाहते, पण तारीख ठरवत नाही. अलीकडचे उदाहरण कॅलिफोर्नियाचे रेडिओ-उपदेशक हॅरोल्ड कॅम्पिंग यांचे. २१ मे २०११ टळली तेव्हा त्यांनी २१ ऑक्टोबर सांगितली. तीही टळल्यावर, २०१२मध्ये, आपण चुकलो हे त्यांनी मान्य केले.

हे सारे हसण्यावारी नेले असते, पण त्या सप्टेंबरात माझ्या मावशीने सकाळी सकाळी फोन करून विचारले, “अरे, बँकेतली एफडी मोडू का रे? वर घेतलं तर पैसे कुणाला?” तिचे वय ७८. आवाजात थट्टा नव्हती. रात्री तिने ते व्हिडिओ पाहिले होते, आणि त्यांत बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातला चौथा अध्याय वाचून दाखवला होता.

तोच अध्याय काकांच्या दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी वाचला होता. थेस्सलनीकाच्या लोकांना चिंता पडली होती, की प्रभू येण्याआधी जे वारले त्यांचे काय? पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने उत्तर दिले की ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग आपण त्यांच्यासह प्रभूला भेटू. शेवटची ओळ आहे, ‘म्हणून या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.’ काकांच्या दगडावर ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ कोरले आहे ते याच भरवशावर. ज्या ओळींनी मावशीने उघड्या कबरेपाशी स्वतःला सावरले, त्याच ओळींनी कोणा अनोळखी माणसाने तिची झोप उडवली.

तेव्हा पुन्हा अशी बातमी आली तर मथळ्यात ‘एका उपदेशकाचा दावा’ एवढे लिहावे, ही विनंती. आणि ‘जगबुडी’ तर नकोच. नोहाच्या जलप्रलयानंतर पुन्हा पाण्याने पृथ्वी बुडवणार नाही, असे वचन बायबलमध्येच आहे.

मावशीने एफडी मोडली नाही. मुदत संपली तेव्हा आणखी पाच वर्षांसाठी ठेवली.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर