नदी कुठल्या हाताला होती?

कराड, ३० मे

प्रिय दगडू,

रामराम. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. साखर आहे तशीच, गुडघेही.

परवा नातवाला घेऊन गावी गेलो. गाव म्हणजे आपलं, पाण्याखालचं. कोयना धरणाचा शिवसागर यंदा पार तळाला गेलाय. भेगाळल्या गाळावरून देवळाच्या जोत्यापर्यंत चालत गेलो. नारळ फोडून पायरीला पडलेली खाच तशीच आहे रे. बोट घातलं तर आत शिंपला निघाला.

इथवर ठीक. मग पोरानं विचारलं, "आजोबा, नदी कुठल्या बाजूला वाहायची?" मी हात केला तापोळ्याकडं. त्यानं मोबाइल बघितला आणि म्हणाला, "महाबळेश्वर तिकडंच आहे. नदी उगमाकडं कशी जाईल?"

हसलो खरा, पण घरी येईपर्यंत तोंडचं पाणी पळालं होतं. साठलेल्या पाण्याला दिशा नसते, म्हणून चुकलो, असं मनाला समजावतोय. पण ज्या नदीत पोहायला शिकलो तिची दिशा चुकावी?

चौथीतलं आठवतं? घाटावरच्या नद्या पूर्वेला जातात, असं मास्तर म्हणाले. आपली कोयना दक्षिणेला जाते, म्हणून तू हटून बसलास आणि छड्या खाल्ल्यास. मी मास्तरांच्या बाजूनं. बरोबर तूच होतास, लेका. दोन डोंगररांगांच्या मधून साठ-पासष्ट किलोमीटर ती दक्षिणेलाच जाते, हेळवाकला वळण घेते आणि मग पूर्वेला आमच्या कराडात कृष्णेला समोरून भिडते. पैजेच्या रेवड्या मी अजून देणं लागतो. पण कृष्णेला मिळते म्हणून ती पूर्वेचीच, हे मी आजही सोडणार नाही. समुद्र डोंगरापलीकडं एवढा जवळ असून तिला तिकडं जाता आलं नाही. शेवटी माणसांनी बोगदे खणून नेलं. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा दिली. आपल्या ओसरीवरचं पाणी पोफळीच्या वीजघरात उतरतं आणि वाशिष्ठीतून तुझ्या चिपळूणला येतं. म्हणजे गावानं तुझी पाठ काही सोडली नाही!

२०२१ च्या पुरानंतर भिंतींची ओल गेली का? लेकीकडं सगळं बरं ना? सोलापूरकडची भावकी लग्नाला बोलावतेय, जायचं तर कळव.

खरं सांगू का? अण्णांचं असंच सुरू झालं होतं. आधी दिशा गेल्या. न्हाणीघर म्हणून कोठीत जाऊन उभे राहायचे. मग माणसं गेली. शेवटी मला ते मास्तर म्हणायचे. घरात मी कुणाला बोललो नाही. पोरगं तर विसरूनही गेलं.

तेव्हा एक काम कर. शाळेतून घरी येताना नदी आपल्या कुठल्या हाताला असायची, ते कार्डावर लिहून पाठव. फोन करू नकोस, सूनबाई उचलते. मला काय आठवतंय ते मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलंय. तुझं कार्ड आलं की उघडतो.

तुझा,
सखा