माझी डायरी वाचणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा हात वर करायलाच मला दोन मिनिटं लागली होती. दुखत होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. काखेतल्या पुवाचा वास तुम्हाला येईल, या विचाराने मी खुर्ची मागे सरकवली होती. तुम्ही घाई केली नाहीत. पडदा ओढून घेतलात, हातमोजे चढवलेत आणि विचारलंत, "किती वर्षं सोसताय?"

आठ वर्षं. सोळाव्या वर्षी काखेत पहिली गाठ आली तेव्हा सगळे म्हणाले, काखमांजरी आहे, पिकली की फुटेल. ती फुटली, आणि महिनाभरात शेजारी दुसरी आली. मग जांघेत, मग छातीखालच्या वळीत. दर वेळी तेच: चिरा, पू, ड्रेसिंग, पाच दिवसांच्या गोळ्या. आणि दर वेळी कुणीतरी विचारायचंच, "रोज अंघोळ करतेस ना?" मी दिवसातून तीनदा करत होते. जंतुनाशक साबणाने इतकं घासायचे की कातडी सोलवटून निघायची. एकीने तर लग्न झाल्यावर आपोआप बरं होईल, असंही सांगितलं होतं.

तुम्ही मात्र तारखा विचारल्यात. "गाठ नेमकी कधी उठते?" माझ्या पर्समध्ये छोटी डायरी होती. ड्रेसिंगचे दिवस चुकू नयेत म्हणून गाठ आली की मी काळी खूण करायचे. पाळीच्या तारखांना लाल गोल असायचेच. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि एकेक पान उलटत गेलात. पेनाचं टोक काळ्या खुणेवरून लाल गोलापर्यंत न्यायचात आणि पुटपुटायचात, "पाच दिवस... सहा... चार..." अकरापैकी आठ महिन्यांत गाठ पाळीच्या आधीच्या आठवड्यातच उठली होती. डायरी माझ्याच हातची होती, पण मी ती अशी कधी वाचलीच नव्हती.

त्या दिवशी आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं: हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. नावाचा अर्थ घामाच्या ग्रंथींची सूज, कारण एकोणिसाव्या शतकात व्हर्नोय या फ्रेंच सर्जनने दोष त्या ग्रंथींवर ठेवला होता. तुम्ही कागदाच्या पाठीवर केसाचं मूळ काढून दाखवलंत आणि म्हणालात, "आपल्याकडे केसतूड म्हणतात, तो शब्द जास्त बरोबर आहे." केसाच्या मुळाचं तोंड बुजतं, पिशवी फुगते, कातडीच्या आतच फुटते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथे तुटून पडते. मग सूज, पू, आणि हे वारंवार झालं की दोन गाठींना आतून जोडणारे बोगदे. अस्वच्छतेमुळे हे होत नाही. स्पर्शाने पसरत नाही. ही दोन वाक्यं तुम्ही सावकाश, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात. बाहेर येऊन मी जिन्यात बसून रडले, ते तुम्हाला आज सांगते आहे.

हॉर्मोनचं बोलणंही तुम्ही फुगवून सांगितलं नाहीत. "हॉर्मोन आग लावत नाहीत, लागलेल्या आगीला वारा घालतात," असं म्हणालात. म्हणूनच हा आजार बहुधा वयात आल्यावर सुरू होतो, अनेक बायकांना पाळीच्या सुमाराला भडकतो, आणि गरोदरपणात कुणाला आराम पडतो तर कुणाला उलट त्रास वाढतो. माझे हॉर्मोनचे रिपोर्ट आधी एकदा नॉर्मल आले होते आणि तेवढ्यावरून 'पाळीचा काही संबंध नाही' असं मला ऐकवण्यात आलं होतं. रक्तात ॲन्ड्रोजेनची, म्हणजे पुरुषी हॉर्मोनची, पातळी नॉर्मल असूनही हा आजार पाळीबरोबर वरखाली होऊ शकतो, हे तुमच्याकडूनच कळलं. तरीही पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हॉर्मोनशी जोडलेला विकार, आणि साखर तपासायला लावलीत, कारण ही दुखणी या आजाराबरोबर पुष्कळदा सापडतात. साखर थोडी वर निघाली. इन्शुलिन वाढलं की अंडाशयातून ॲन्ड्रोजेनही वाढू शकतं, म्हणून मेटफॉर्मिन हे साखरेवरचं औषध सुरू झालं.

स्पायरोनोलॅक्टोन लिहून देताना तुम्ही पंधरा मिनिटं दिलीत. मुळात लघवी वाढवणारी, रक्तदाबावरची ही गोळी ॲन्ड्रोजेनलाही अडवते. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटॅशियमवर लक्ष ठेवायचं. या आजारात तिच्यावरचा अभ्यास अजून तोकडा आहे, गुण यायला काही महिने लागतील, आला नाही तर बंद करू, हेही स्पष्ट सांगितलंत. इतक्या सरळपणे मला कुणी औषध दिलं नव्हतं. आजाराची तीव्रता मोजणाऱ्या हर्लीच्या तीन पायऱ्यांपैकी माझी दुसरी आहे, या गोळ्यांवर भागलं नाही तर प्रतिकारयंत्रणेचा भडका शांत करणारं ॲडालिमुमॅबचं इंजेक्शन आहे, 2015 पासून या आजारासाठी त्याला मान्यता आहे, हेही तेव्हाच सांगून ठेवलंत. पुढची वाट आहे, एवढं कळल्यानेच मला त्या रात्री झोप लागली.

आजार गेलेला नाही. डाव्या काखेतल्या बोगद्यावरची कातडी तुम्हाला उघडावीच लागली, आणि ती जखम भरताना ड्रेसिंगच्या ताईंनी जो हळुवारपणा दाखवला त्याबद्दल त्यांनाही माझा नमस्कार सांगा. पण गेल्या सात महिन्यांत काळ्या खुणा दोनच आहेत. साबणाने घासणं कधीच सोडलंय.

आणखी एक. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीला जांघेत दुसऱ्यांदा गाठ आली आहे. हा आजार पुष्कळदा घराण्यात चालतो, असं तुम्ही म्हणाला होतात. ताईला वाटत होतं, आणखी थोडी वाट बघावी. मी ऐकलं नाही. येत्या मंगळवारी तिला घेऊन येते आहे. लाल आणि काळी, दोन्ही पेनं तिला दिली होती. तीन महिन्यांची पानं तिने स्वतःच भरली आहेत.

तुमची कृतज्ञ,
डायरीवाली पेशंट