मुलाखतीतले पेन्सिलीचे गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरभरतीच्या मुलाखतींत टेबलाच्या पलीकडच्या, म्हणजे घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसलो. त्यामुळे ही तक्रार कमी आणि कबुली जास्त आहे.

प्रत्येक उमेदवाराची गुणपत्रिका आमच्यापुढे असे. उमेदवार बाहेर गेला की ती भरायची सोडून आम्ही आधी साहेबांच्या तोंडाकडे बघायचो. ‘पोरगा चुणचुणीत आहे’ असं ते म्हणाले, की सगळ्यांचे सहाचे आठ व्हायचे. (पेन्सिल त्यासाठीच असायची!) एकाशी वीस मिनिटं क्रिकेटवरच गप्पा झाल्या, कारण साहेब कॉलेजात खेळलेले. पाठोपाठ आलेल्या मुलीला पहिलाच प्रश्न, ‘लग्नानंतर नोकरी करणार ना?’ जागा एकच, प्रश्न मात्र ज्याचे त्याला वेगळे. मग तुलना कशी करणार?

श्मिट आणि हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज किती येतो, हे त्यात पाहिलं होतं. अचूक अंदाज म्हणजे १ धरलं, तर मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.३८ आणि सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीला ०.५१. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा आकडे खाली आले. निवडीच्या सगळ्या पद्धतींच्या यादीत ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत पहिली आली खरी, पण ०.४२ वर. ‘मी दोन मिनिटांत माणूस ओळखतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.

आता अर्ज चाळायला यंत्र आलं आहे. पण ते शिकणार आमच्याच जुन्या निवडींवरून. अ‍ॅमेझॉनने असं एक यंत्र करून पाहिलं. ते बायकांचे अर्ज मागे टाकू लागलं आणि शेवटी गुंडाळावं लागलं. २०१८ साली ही बातमी बाहेर आली.

माझी मागणी साधी आहे. प्रश्न आधी ठरवा, सर्वांना तेच विचारा, आणि चर्चेला तोंड फुटण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण पेनने लिहून टाकावेत. जमल्यास तासाभराचं खरं काम करून घ्या. (चार-चार दिवसांचं फुकट काम नव्हे, तोही प्रकार हल्ली बोकाळला आहे.)

त्या मुलीला मी पाच गुण दिले होते. कशाचे, ते तेव्हाही कुणी विचारलं नाही.

आपला,
एक निवृत्त अधिकारी