शेवटच्या मुलीच्या चालीने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबांच्या सहली बंदच करा, असं आता माझ्या ओळखीतले बडोद्याचे काही पालक बोलू लागले आहेत. मी इथल्या एका महाविद्यालयात गणित शिकवते. गेल्या जानेवारीत आमच्या क्लबबरोबर कळसूबाईला सोबतीची शिक्षिका म्हणून गेले होते. त्या दिवशी जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे पत्र.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावापासून साधारण ९०० मीटरची चढण. मुलं ३४. त्यांतल्या बहुतेकांनी तोवर पाहिलेला डोंगर म्हणजे बडोद्याजवळचा पावागड, आणि तोही मधल्या टप्प्यावरच्या माचीपासून रोपवेने. रात्रभर बसमध्ये बसून, नाशिक-घोटी करत पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. सहाला सुरू करायची चढाई साडेनऊला सुरू झाली.

पहिल्या तासातच रांग तुटली. दमदार मुलं पुढे, आणि अगदी मागे पहिल्या वर्षाची एक मुलगी. नवे कोरे बूट, तळवे गुळगुळीत, पाण्याची एकच बाटली, सकाळी पोटात फक्त चहा. पुढची मुलं सावली बघून बसायची, गप्पा मारायची, पाणी प्यायची. ही धापा टाकत तिथवर आली की ‘चला, आले सगळे’ म्हणून ती मुलं उठायची. म्हणजे ज्यांना विसावा नको होता त्यांना दहा-दहा मिनिटं मिळाली आणि जिला हवा होता तिला एकही मिनिट नाही. हे मी दोनदा पाहिलं, आणि गप्प राहिले. आपण डोंगरातल्या जाणकार नव्हे, मुलांना रस्ता माहीत आहे, असं मला वाटलं.

हिशोब तरी मी करायला हवा होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरतात: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. पण हा आडाखा सराव असलेल्या माणसाचा, आणि त्यात शिड्या धरलेल्या नाहीत. कळसूबाईच्या वाटेवर कातळाला लोखंडी शिड्या आहेत. एकाला एक मिनिट धरलं तरी ३४ जणांना एकाच शिडीवर अर्धा तास लागतो, आणि येताना पुन्हा तेवढाच. शिखरावर पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. खरं तर कुठवर आलो आहोत ते न बघता दुपारी दीडलाच परत फिरायला हवं होतं. परतीची वेळ आदल्या दिवशी ठरवून सगळ्यांना सांगितलेली असली, की ऐन वेळी देवीचं देऊळ समोर दिसत असताना कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

उतरताना त्या मुलीच्या पोटऱ्यांत गोळे आले. चढताना दम लागतो, पण मांड्या आणि गुडघे खरे थकतात ते उतारावर. अंधार पडला तेव्हा आम्ही मागचे सहा जण अजून शिड्यांपाशीच होतो. मोबाइलचा उजेड होता, पण शिडी उतरायला दोन्ही हात लागतात. एका मुलाने मोबाइल दातांत धरला. डोक्याला बांधायचा टॉर्च आमच्यापैकी एकाकडेही नव्हता. शेवटी बारीतले एक दादा बॅटरी घेऊन वर आले. त्यांनी आधी तिला मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पाजलं, पाय चोळायला लावले, आणि मग स्वतः तिच्या एक पायरी खाली राहून तिला उतरवलं. पुढची मुलं तासाभरापूर्वीच बसमध्ये जाऊन झोपली होती. मागे कोण राहिलंय हे त्यांना सांगायचं कोणाचं काम होतं? कोणाचंच नव्हतं.

तरीही सहली बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच मुलीने यंदा पुन्हा नाव दिलं आहे. मात्र सगळा गट शेवटच्या माणसाच्या चालीने चालला पाहिजे, आणि त्या शेवटच्या माणसाच्याही मागे एक जाणता माणूस हवा. क्लबात जो सर्वांत तयार, त्याने पुढे पळू नये, पिछाडी सांभाळावी. आणि सरावाशिवाय कोणाला नेऊच नये. हे व्यायामाचार्य प्रो. माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराचं गाव आहे, आधी तालीम आणि मग मैदान हे बडोद्याला नव्याने सांगायला नको. पावागड इथून जेमतेम ५० किलोमीटर. चार रविवार पाठीवर सॅक घेऊन, रोपवे सोडून, पायथ्याच्या चांपानेरपासून पायी चढा आणि पायीच उतरा. कोणाचे बूट घसरतात, कोण उपाशी येतं, कोण दुखतंय हे सांगत नाही, सगळं तिथेच कळेल.

आपल्या शहरात अबूच्या स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्थेत शिकून आलेले कितीतरी जण आहेत, सह्याद्रीत वर्षानुवर्षं हिंडलेलेही आहेत. त्यांनी जवळच्या कॉलेजात जाऊन एवढंच सांगावं, की रविवारी मी तुमच्या मुलांबरोबर येतो, सर्वांत मागे चालतो. आमच्या कॉलेजच्या मुलांचा पहिला सराव दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. पहाटे साडेपाचला निघणार आहोत.

आपली,
एक प्राध्यापिका
दांडिया बाजार, बडोदा