पाडव्याला येत नाहीये, पण आधी सगळं वाचा

आई, बाबा,

दादाला सांगितलंय याची प्रिंट मोठ्या अक्षरात काढून दे म्हणून, म्हणजे आईला चष्मा वरखाली करत बसायला नको. आणि बाबा, तुम्ही वाचून दाखवणार असाल तर मधलं गाळू नका, तुमची सवय माहितीये मला.

सरळच सांगते. पाडव्याला यायला जमत नाहीये. मे महिन्यात येतेय, तिकीट काढून झालंय, आणि चांगली महिनाभर राहणार आहे, नेहमीसारखी अर्धी सुट्टी पुण्यात आणि अर्धी बॅगा भरण्यात असं नाही. मार्च-एप्रिल मी इथे कॅनडात रॉकी पर्वतात गरुड मोजायला जाणार आहे. हो, गरुडच. ऑफिसातून बिनपगारी रजा घेतलीये, हप्त्यांचा हिशोब करूनच घेतलीये, नोकरी जागेवर आहे, मला कुणी काढलेलं नाहीये. आई, हे शेवटचं खास तुझ्यासाठी, कारण तुझ्या मनात पहिलं तेच येणार.

फोनवर सांगता आलं असतं पण फोनवर तू नुसतं "बरं" म्हणतेस आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी आवरायला लागतेस, तो भांड्यांचा आवाज मला इथे ऐकू येतो. म्हणून लिहितेय.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. कॅलगरीपासून पश्चिमेला गाडीने तासाभरावर कॅनानास्किस नावाचं खोरं आहे, तिथे माउंट लॉरेट म्हणून डोंगर आहे. १९९२ साली २० मार्चला पीटर शेरिंग्टन आणि त्यांचे एक सोबती तिथे दुर्बीण घेऊन उभे होते आणि त्यांना एका दिवसात शंभरावर सोनेरी गरुड डोंगराच्या धारेवरून एकाच दिशेने जाताना दिसले. तोवर हे पक्षी असे एकामागून एक या वाटेने जातात याची पक्षीवाल्यांनाही कल्पना नव्हती. एवढा दोन मीटर पंखांचा पक्षी, आणि शहरापासून तासाभरावर, आणि कुणी वर बघितलंच नव्हतं! तेव्हापासून मोजणी चालू आहे. रॉकी माउंटन ईगल रिसर्च फाउंडेशन म्हणून संस्था आहे, पण बसतात सगळे आमच्यासारखे स्वयंसेवक. मार्चच्या सुरुवातीला चालू होतं आणि ऐन गर्दी असते ती २० मार्चच्या आगेमागे. यंदा पाडवा १९ ला आलाय. मी काय करू सांगा, गरुडांकडे कालनिर्णय नाही.

हिवाळाभर ते अमेरिकेच्या दक्षिणेकडे, काही तर पार मेक्सिकोपर्यंत असतात आणि आता पार उत्तरेला अलास्का-युकॉनला अंडी घालायला निघतात. पुढे जातात ती मोठी नर-माद्या, कारण त्यांना आपापली घरटी गाठायची असतात, वरती अजून बर्फ असतो तरी. पोरंटोरं मागून, रमतगमत, एप्रिलमध्ये. वाऱ्याचं गणित तर बाबांना फार आवडेल. पश्चिमेचा वारा डोंगरावर आपटला की त्याला वर चढण्याशिवाय रस्ता नसतो, आणि त्या चढत्या वाऱ्यावर हे नुसते पंख पसरून निघतात, मैलच्या मैल, फडफड न करता. ज्या दिवशी तो वारा नाही त्या दिवशी दुपारी ऊन तापून हवा वर चढेपर्यंत थांबतात. उगाच शक्ती घालवत नाहीत.

गेल्या वसंतात मला पहिल्यांदा मैत्रिणीने नेलं, तेव्हा (तो सगळा पुण्याच्या फ्लॅटचा प्रकार चालू होता, मी तुम्हाला "मजेत" सांगायचे तेव्हा) मला अर्धा तास काहीच दिसलं नाही. शेजारी सत्तरीपुढच्या एक रिटायर्ड शिक्षिका बसल्या होत्या, पायात हे एवढे बूट, त्यांनी नजर न हलवता सांगितलं, खिंडीच्या डावीकडे बघ, ढगाच्या खालच्या कडेला. दुर्बिणीत मोहरीएवढा ठिपका. तो गोल फिरत वर चढला, अजून चढला, वळताना उन्हात मानेवरचा पिवळट रंग एकदा चमकला, आणि मग पंख थोडे मागे ओढून सगळं खोरं ओलांडून पलीकडच्या रांगेवर सरळ घसरत गेला. त्यांनी लगेच कागदावर लिहिलं: वेळ, सोनेरी, मोठा. आणि परत डोळे वर.

बाबा, मला तेव्हा काय आठवलं असेल ओळखा. फलटण स्टँडची तुमची केबिन. गाडी आली की वेळ, गाडी नंबर, कुठून कुठे, आणि उशिरा असली तर शेऱ्यात का ते. हे अगदी तेच आहे हो. तासातासाला वाऱ्याची दिशा, तापमान, ढग किती, आणि त्या तासात कोण कोण गेलं. शाळा सुटल्यावर मी त्या बाकड्यावर डबा खात बसायचे आणि तुम्ही मला अकलूज गाडीची नोंद करू द्यायचात, आठवतं? अक्षर वाकडं आलं की नवी ओळ घ्या म्हणायचात, खोडायचं नाही. इथेही खोडायचं नाही. आणि एकच गाडी दोनदा लिहायची नाही हे तर तुम्हीच शिकवलंय, तो पक्षी नजरेआड होईपर्यंत सोडायचा नाही.

ओळखायचं कसं तेही शिकले. सोनेरी गरुड तरंगताना पंख किंचित वर धरतो, पांढऱ्या डोक्याचा असतो तो अगदी आडवे सपाट. सोनेरीच्या पिल्लाला शेपटीच्या बुडाशी आणि पंखाखाली पांढरा डाग असतो, वय वाढतं तसा तो जातो. एप्रिलमध्ये आपल्या शिक्र्याच्या नात्यातले छोटे ससाण्यासारखे येतात, ते इतके भरभर जातात की नाव घेईपर्यंत गेलेले असतात. सगळ्यात वैताग म्हणजे स्वच्छ निळं आभाळ, त्यात काहीही दिसत नाही. आम्ही ढग यावेत म्हणून बसतो, लोकांना खरं नाही वाटत.

आणि "मोजून काय मिळतं" हा दादाचा प्रश्न. सुरुवातीच्या वर्षांत सोनेरी गरुड जेवढे दिसायचे त्या मानाने आता बरेच कमी दिसतात. हे कळलं कसं? कुणीतरी तीस-पस्तीस वर्षं थंडीत बसून लिहीत राहिलं म्हणून. मला त्या लिहिणाऱ्यांत असायचंय, एवढंच. डोकं शांत राहतं तिथे. गेल्या वर्षानंतर मला असं काहीतरी पाहिजे होतं आणि ते मिळालंय, हे तुम्ही समजून घ्याल.

आता आईचे प्रश्न. थंडी असते, मार्चच्या सुरुवातीला उणे पंधरासुद्धा असते, पण मी आतून लोकरीचे थर घालते, वर ते जाड जॅकेट, मोज्यात गरम होणाऱ्या पुड्या ठेवते. चिनूक म्हणून डोंगर उतरून कोरडा गरम वारा येतो तेव्हा तर काही तासांत जॅकेट काढून ठेवावं लागतं. मांडीवर ब्लँकेट, पाठीला खुर्ची आहे, बर्फात बसत नाहीये मी. थर्मासमध्ये चहा, तू दिलेल्या भाजणीची थालीपीठं, आणि मेतकूट-भात त्या शिक्षिकाबाईंना इतका आवडला की मला आता दोघींचा डबा करावा लागतो. एकटी कधीच नसते. अस्वलं एप्रिलमध्ये बाहेर येतात, खोटं कशाला बोलू, पण सगळ्यांकडे स्प्रे असतो आणि ती रस्त्यापासून लांबच राहतात. फोनला तिथे धड रेंज नसते म्हणून दिवसा लागला नाही तर दादाला कामाला लावू नका. संध्याकाळी साडेसातला घरी पोचून मी फोन करेन, तेव्हा तुमचे सकाळचे सात वाजलेले असतील, बाबांचा दुसरा चहा.

पाडव्याला मी बाल्कनीत गुढी उभारणार आहे, ट्रेकिंगच्या काठीला. तांब्या आहे, साडी तुझीच, ती मोरपंखी. कडुलिंब मिळणार नाही आणि गाठी तर नाहीच. आई, ती घारीची ओळ फोनवर म्हणू नकोस हं, मला रडू येतं आणि मग दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरते.

आता नीट ऐका दोघं. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय त्याच तारखेला करायचं. मनू आली की करू, हे अजिबात नाही. वहिनी येणारे, तिने सुट्टी टाकलीये, तिला उगाच "कशाला त्रास" म्हणत बसू नकोस, तिला वाईट वाटतं. थेंब वेळेवर, बाबा, रजिस्टर करा, खरंच करा, तासाप्रमाणे. डोक्यावरून पाणी नाही, वाकून झाडू नाही, फोडणीपाशी उभं राहायचं नाही. बाबा, स्कूटर बंद म्हणजे बंद, भाजी आणायला पण नाही, काळेकाकूंचा मुलगा आणून देतो म्हणालाय. गोळ्यांचा तो सात दिवसांचा डबा रिकामा पडलाय असं दादा म्हणाला, भरून ठेवा. काकांच्या वेळचं काही मनात आणू नका, ते वेगळं होतं आणि तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रागावलात तर रागवा, पण फोन उचला. मे मध्ये मी येईन तेव्हा आईचे दोन्ही डोळे लख्ख असतील, मग तुम्हा दोघांना मी माझी दुर्बीण देते, गच्चीवर बसा आणि मला घारी मोजून दाखवा.

बाकी आंब्याची पेटी आत्ताच सांगून ठेवू नका. मागच्या वेळी मी यायच्या आधी निम्मी पिकून गेली आणि आईने सगळ्याचा आमरस करून फ्रीझरला टाकला. मी आल्यावर घेऊ, आणि भाव बाबांनी करायचा नाही.

तुमची,
मनू